पुरंदरच्या वस्तीवरचं एक घर: वीजबिलात न दिसणाऱ्या ऊर्जेचा हिशेब

पुरंदर तालुक्यात, सासवडपासून फार लांब नसलेल्या वस्तीवरचं हे घर. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव-गाव देत नाही. आजी, दोन भाऊ, दोघी जावा आणि चार मुलं अशी नऊ माणसं, गोठ्यात चार संकरित गाई, सहा एकर जमीन. अंजीर आणि सीताफळाची बाग, पावसाळ्यात वाटाणा, बाकी बाजरी-ज्वारी. थोरल्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते शेती पाहतात. धाकटे दिवे घाट उतरून रोज हडपसरला नोकरीला जातात.

मे महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या पुढे गेलं आणि त्याच आठवड्यात एक सोलरवाला दारात आला. छपरावर ५ किलोवॅट बसवा, बिल शून्य, असं त्याचं म्हणणं. मी ऊर्जा तपासणीचं काम करतो, म्हणून आप्पांनी मला विचारलं ते एवढंच, की ५ किलोवॅट पुरेल ना? मी उलट विचारलं की घरात महिन्याला सिलिंडर किती लागतात, सरपण किती, गाडीत पेट्रोल किती. वीजबिलाच्या चौकशीत सिलिंडर कुठून आला, हे त्यांना कळेना. पण खेड्यातल्या घराची ऊर्जा बिलावरून मोजता येत नाही. बिलावर तिचा लहानसा तुकडा असतो, आणि नेमका तोच तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो.

म्हणून आधी सगळा हिशेब एका वहीत मांडला. घरच्या मीटरवर वर्षाची सरासरी महिना २४० युनिटं (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास; बाकी इंधनंही याच मापात मोजली). विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर साडेचार किलोवॅट ओढते. महिन्यातून वीस दिवस, रोज पाच तास धरली तर ४५० युनिटं. गॅसचे महिन्याला दोन सिलिंडर: १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधली उष्णता १८० युनिटांच्या आसपास भरते, म्हणजे ३६०. बंब आणि चुलीला रोजचं पाचेक किलो जळण, म्हणजे महिन्याला दीडशे किलो. त्यातली उष्णता सव्वासहाशे युनिटांच्या घरात. धाकट्यांच्या स्कूटरला महिन्याला ३३ लिटर पेट्रोल, लिटरला ९ युनिटं धरली तर ३००. बेरीज दोन हजारांच्या जवळ जाते. ज्या २४० युनिटांवरून घरात वाद चालला होता, ती या बेरजेचा आठवा हिस्सासुद्धा नाहीत. उष्णतेचं युनिट आणि विजेचं युनिट एकाच मोलाचं नसतं, हे खरं. सरपणातली बरीचशी ऊर्जा बंबाच्या धुराड्यातून वर जाते. तरी कामाला कुठून हात घालायचा हे ठरवायला एवढा ढोबळ हिशेब पुरतो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी उलटं दिसतं. सर्वांत जास्त वीज खाणाऱ्या मोटरीचं बिल शून्य, कारण २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे. जळण बांधावरचं, म्हणजे तेही फुकट. ते गोळा करण्यात जावांचा जो वेळ जातो त्याचा भाव कुणी लावत नाही. आणि रोख पैसा सर्वांत जास्त जात होता तो पेट्रोलला. पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडून बरीच वर्षं झाली. ३३ लिटरचे साडेतीन हजारांच्या आसपास होतात. पण ते रोज थोडे थोडे खिशातून जातात, बिलासारखे एकदम अंगावर येत नाहीत, म्हणून त्यावर कधी बैठक बसली नव्हती.

घरातली २४० युनिटं

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त. पुढच्या २०० युनिटांचा दर त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ३०० च्या पुढे आणखी चढता. वर १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे बिलातली पहिली शंभर युनिटं आणि शेवटची शंभर युनिटं एका किमतीची नसतात. बचत नेहमी महागड्या टोकाकडून सुरू होते, आणि इथे तसंच झालं.

स्वयंपाकघरातला फ्रीज सतरा वर्षांचा. प्लगमध्ये लावायचा मीटर दोन दिवस ठेवला तर रोजची दोन युनिटं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दाराचं रबर सैल झालेलं आणि फ्रीज चुलीच्या भिंतीला चिकटून उभा, म्हणजे एकीकडे चूल तापवतेय आणि दुसरीकडे तो गार करतोय. नवा तीन तारे असलेला फ्रीज घेतला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. साठचा खर्च अठरा युनिटांवर आला. सात पंखे जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी ७५ वॅटचे. ते बदलून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बिनब्रशच्या मोटरीचे, घेतले. पंखे एकदम नाही बदलले. रात्रभर चालणारे चार आधी, उरलेले दिवाळीनंतर. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्यात काहीच मतलब नव्हता, कारण तो वर्षातून पंधरा दिवस फिरतो. पण सगळे सारखे दिसावेत म्हणून तोही बदलला गेला. असं होतंच.

सकाळी धाकट्यांना लवकर निघायचं असतं, म्हणून बादलीत दीड किलोवॅटचा रॉड. महिन्याला ४५ युनिटं, वर धोका वेगळा. इथे २०० लिटरचा काचनळ्यांचा सौर बंब बसवला. पुरंदरच्या विहिरींचं पाणी काळ्या खडकातलं, जड. नळ्यांत आणि टाकीत क्षार साचतात. तेव्हा दर हिवाळ्यानंतर टाकी खालून मोकळी करून धुवायची, हे आधीच ठरवून टाकलं. ढगाळ दिवसांना जुना तांब्याचा बंब आहेच. त्याला अंजिराच्या छाटणीच्या काटक्या आणि कणसांची बुरकुंडं पुरतात, वेगळं लाकूड तोडावं लागत नाही.

दिव्यांचं फार सांगण्यासारखं नाही: ट्यूब काढल्या, एलईडी लावले. कडबाकुट्टी, चक्की, टीव्ही तसेच राहिले. सगळं झाल्यावर सरासरी २४० वरून १०० च्या जवळपास आली.

उकाडा मात्र विजेच्या आधी छपराचा प्रश्न होता. मूळ घर दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींचं, वर कौलं. त्या माजघरात एप्रिल उजाडेपर्यंत पंख्याची आठवण होत नाही. नंतर वाढवलेल्या दोन खोल्यांवर पत्रा आणि एकीवर स्लॅब, आणि मुलं झोपतात नेमकी तिथे. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. स्लॅबवर चुना आणि फेविकॉलचे दोन हात मारले. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत घातलं, पत्रा आणि तट्ट्या यांच्यामध्ये हवा खेळायला जागा ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळी लावली. धाकट्या वहिनींचा एसीचा विचार होता. त्या उन्हाळ्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही.

शेण, गॅस आणि दोघी जावा

चार गाईंचं रोजचं शेण पन्नास किलोच्या आसपास. ते सगळं उकिरड्यावर जायचं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज लागतं तेही तेवढंच: पन्नास किलो शेण आणि तितकंच पाणी. दोन घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसच्या हिशेबात पाऊण ते एक किलो. कागदावर हे गणित इतकं नीट जुळतं, की गावोगावी गोबरगॅस का बंद पडले असा प्रश्न पडावा.

तो प्रश्न थोरल्या वहिनींनीच विचारला. त्यांच्या माहेरी एक होता, खादी ग्रामोद्योग आयोगाच्या पद्धतीचा, लोखंडी तरंगत्या ड्रमचा. ड्रम गंजला, गॅस गळायला लागला, रंग द्यायला कुणी आलं नाही, आणि मग त्या खड्ड्यात पाणी साचून डास झाले. शिवाय रोज शेण कालवायचं काम घरातल्या बाईचंच. गॅस सगळ्यांचा आणि शेणाचे हात एकटीचे, हा त्यांचा आक्षेप मला तांत्रिक मुद्द्यांहून वजनदार वाटला. बंद पडलेल्या अनेक संयंत्रांची खरी तक्रार हीच असते. नोंद मात्र ‘देखभालीअभावी बंद’ अशी होते.

म्हणून इथे दीनबंधू पद्धत घेतली. ‘अफ्प्रो’ या संस्थेने १९८४ मध्ये पुढे आणलेलं हे संयंत्र पूर्ण जमिनीखाली, विटांच्या घुमटाचं असतं. त्यात गंजायला लोखंड नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचं, डॉ. आनंद कर्वे यांच्या कामातून आलेलं खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्रही पाहिलं. २००६ मध्ये त्याला अॅशडेन पुरस्कार मिळाला आहे आणि शहरातल्या घरासाठी ते फार सोयीचं. पण इथे खरकटं गाईंना सोडाच, कुत्र्या-कोंबड्यांनाच पुरत नाही आणि शेण भरपूर, तेव्हा दीनबंधूच बरं.

कालवण्याची टाकी गोठ्याच्या नाल्याच्या तोंडाशीच बांधली. गोठा धुतलेलं पाणी आणि शेण उताराने तिथे येतं, दांड्याच्या पावडीने हलवायचं, हात घालावा लागत नाही. पाण्याचा प्रश्नही त्यातच सुटला. मार्चनंतर या भागात पाणी जपून वापरावं लागतं. रोज वेगळं पन्नास लिटर कुणी ओतलं नसतं. पथ्य एकच, गोठ्यात फिनेल टाकायचं नाही, नाहीतर आतले जिवाणू मरतात आणि गॅस थांबतो. संडास जोडायला आजींचा ठाम नकार होता. तो विषय कुणी ताणला नाही.

पहिला गॅस यायला वेळ लागला आणि आला तो पेटेना. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असतं, तो सोडून द्यावा लागतो. नंतर ज्योत भकभक करायला लागली, तेव्हा पाईपच्या खोलगट भागात साचलेलं पाणी काढायची तोटी बसवली. हिवाळ्यात गॅस कमी पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खड्ड्यावर पाचटाचं पांघरूण घालून थोडाफार फरक पडला. वर्षाचा सरासरी हिशेब असा, की महिन्याला दोन लागणारा सिलिंडर आता दोन महिन्यांत एक लागतो. बाहेर येणारी मळी अंजिराला जाते. बाजरीची भाकरी अजून चुलीवरच होते. त्याला आम्ही हात लावला नाही. फक्त चुलीवर धुराडं चढवलं.

छपरावर किती?

आता पॅनेलकडे. पहिलं गणित गंमतशीर झालं. वापर २४० वरून १०० वर आल्यावर महागडी युनिटं जवळजवळ संपलीच. उरली ती स्वस्त टप्प्यातली. म्हणजे जितकी बचत चांगली, तितकी पॅनेलची परतफेड लांबते. सोलरवाल्याचे ५ किलोवॅट आता या घरासाठी निव्वळ ओझं होते. पुण्याच्या उन्हात एका किलोवॅटमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आत-बाहेर मिळतात, म्हणजे १०० युनिटांना एक किलोवॅट पुरतो.

इथे पेट्रोलची ओळ पुन्हा वहीतून वर आली. धाकट्यांची स्कूटर बदलायला झालीच होती. रोज साठ किलोमीटर, महिन्याला दीड हजार. विजेच्या स्कूटरला त्यासाठी चार्जिंगमधली गळती धरून साठेक युनिटं लागतात. ३३ लिटर पेट्रोलच्या जागी साठ युनिटं. सौर विजेचं एक युनिट घरातल्या पंख्याला दिलं तर काही रुपये वाचतात, तेच स्कूटरला दिलं तर पन्नासहून जास्त. छपरावरच्या विजेला खरा भाव इथे होता. पावसाळ्यात आणि थंडीत गोबरगॅस कमी पडतो तेव्हा इंडक्शन शेगडीला आणखी थोडी वीज धरली. गरज १८० च्या पुढे गेली.

माझा कल तीन पॅनेलकडे, म्हणजे दीडेक किलोवॅटकडे होता. आप्पांनी चार घेतली, दोन किलोवॅटच्या इन्व्हर्टरसह. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० आणि कमाल ७८,०००. दोनला ६०,००० मिळत असताना दीडवर कशाला थांबायचं, हा त्यांचा मुद्दा व्यवहाराचा होता. अनुदानासाठी देशी बनावटीचीच पॅनेल लागतात, हे कोटेशनवर लिहून घेतलं. पॅनेल स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे अठरा अंशांच्या कलात. खाली माणूस वाकून जाईल एवढी उंची ठेवली, म्हणजे झाडलोट होते आणि स्लॅबवर सावलीही पडते. स्वतंत्र अर्थिंग आणि वीजरोधक तर हवाच. माळावरच्या वस्तीत वळवाच्या पावसात वीज पडणं नवं नाही. पॅनेल धुवायला विहिरीचं पाणी वापरू नका असं सांगितलं, कारण क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात. सकाळी ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं.

पहिल्याच महिन्यात आप्पांचा फोन. भर दुपारी लाईट गेली आणि सोलरही बंद पडलं, म्हणजे फसवलं का? फसवलं नव्हतं, पण कुणी सांगितलंही नव्हतं. लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःला तोडतोच. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला, तार मेली आहे असं समजून हात लावल्यावर, आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. व्होल्टेज ठराविक मर्यादेबाहेर गेलं तरी तो थांबतो, आणि वस्तीवरच्या लांबलचक लाईनवर व्होल्टेज स्थिर राहणं अवघड. वेगळी मोठी बॅटरी घ्यायची का, हा प्रश्न मग आलाच. गरज नव्हती. घरात आधीपासून १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी होती. पूर्वी चार पंखे आणि ट्यूब मिळून ४०० वॅटचा भार, तीन तासांत ती मान टाकायची. आता तेच पंखे आणि दिवे १५० वॅटवर चालतात, आणि तीच बॅटरी रात्र काढते.

नेट मीटरिंगची, म्हणजे छपरावरून लाईनला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीची, एक बाब सोलरवाले सहसा बोलत नाहीत. जास्तीची युनिटं महिन्यामागून महिना पुढे जमा होतात, पण हिशेब ३१ मार्चला बंद होतो. उरलेल्या युनिटांचे ठरलेल्या दराने पैसे मिळतात आणि एप्रिलला पाटी कोरी. थंडीत पंखे बंद, ऊन स्वच्छ, शिल्लक वाढते. आणि नेमकी उकाड्याच्या तोंडावर ती खात्यातून निघून जाते. त्यामुळे मोठी यंत्रणा बसवून उन्हाळ्यासाठी साठा करायचा बेत महाराष्ट्रात जमत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये या घरात सिलिंडर शेगडीला लावलाच जात नाही, इंडक्शनवर काम चालतं, ते यामुळेच. मे महिन्यात चार पॅनेलनी २७० च्या आसपास युनिटं दिली, जुलैत दीडशे.

मेहुण्यांच्या आग्रहामुळे पवनचक्कीचाही विचार झाला. ते साताऱ्याकडचे, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या रोज पाहणारे. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते: वेग निम्मा झाला की ऊर्जा आठवा हिस्सा. दोन मीटर व्यासाची चक्की सेकंदाला चार मीटर वाऱ्यात जेमतेम तीसेक वॅट देईल. तेवढ्यात एक बीएलडीसी पंखा फिरेल. मेहुणे थोडे नाराज झाले.

विहिरीवरची मोटर

विजेचा सर्वांत मोठा खर्च अजून जागच्या जागी आहे. मोटरीचं पाणी मोजलं: २०० लिटरचं बॅरल अर्ध्या मिनिटात भरतं. एकूण उचल वीस मीटर. म्हणजे प्रत्यक्ष पाणी वर चढवण्याचं काम सुमारे १.३ किलोवॅटचं, आणि मोटर ओढते साडेचार. तीस टक्केही हातात येत नाही. अनेकदा रिवाइंडिंग झालेली मोटर, दोन इंची जुना लोखंडी पाईप, नको तितके बेंड, विहिरीतल्या पाईपच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह गाळाने चोंदलेला. नुसता पाईप तीन इंची केला तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाची तूट सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते.

पण वीज फुकट असताना हा खर्च का करायचा? आप्पांचा प्रश्न रास्त होता, आणि बिलाच्या भाषेत त्याला उत्तर नाही. मी वेळेच्या भाषेत दिलं. तीन फेज लाईट येते ती ठराविक तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या तासांत जास्त पाणी निघालं तर रात्रपाळीला साप-विंचवात बारे द्यायला जावं लागत नाही. हे त्यांना पटलं. फुटव्हॉल्व्ह आणि दोन बेंड लगेच बदलले, बागेला ठिबक केलं. मोटरीचा ऑटोस्विच काढायला मात्र ते तयार नव्हते. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या (म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते, हे त्यांनाही माहीत आहे. पण आपण एकट्याने काढून काय होणार, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असतं. आता स्टार्टरला टायमर लावून डीपीवरच्या मोटरी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू कराव्यात, असं शेजाऱ्यांशी बोलणं चालू आहे.

धाकट्यांच्या नावावरच्या तीन एकर माळावर नवी विहीर आहे, तिथे जोडणी नाही. त्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अर्ज केला: अडीच ते पाच एकरांना ५ अश्वशक्तीचा पंप, सर्वसाधारण गटाला दहा टक्के हिस्सा. जुन्या विहिरीला ही योजना लागू नाही, कारण तिथे जोडणी आधीपासून आहे. तिथला तीन इंची पाईप अंजिराचा बहार उतरल्यावर, हातात पैसे आले की टाकायचा असं ठरलंय. मोटरीचं नंतर बघू.